पाचगणीचा आकडा: पावसाच्या नोंदींवरून सातवीसाठी पाठमालिका कशी बांधायची

बी.एड.च्या आंतरवासितेत मला सातवीचा भूगोल मिळाला, आणि त्यातलं ‘वारे’ हे प्रकरण. शाळा वाई तालुक्यातली. पहिल्याच आठवड्यात मी वर्षभराच्या पावसाची ३६५ ओळींची यादी छापून नेली आणि मुलांच्या हाती दिली. पाच मिनिटांत अर्धा वर्ग कागदाच्या मागच्या बाजूला चित्रं काढत होता. चूक मुलांची नव्हती. ते आकडे कुणी मोजले, कसे मोजले, कशासाठी बघायचे, यातलं काहीच मी त्यांना दिलं नव्हतं. नंतर तोच विषय चार आकड्यांवर आणला आणि वर्ग हिरिरीनं भांडायला लागला. सह्याद्री, वारा, बाष्प, पर्जन्यछाया (डोंगराच्या पलीकडचा कमी पावसाचा भाग) हे सगळं त्या भांडणातून बाहेर आलं. ती मालिका कशी बांधायची ते इथे क्रमानं सांगते. तुमची शाळा नागपूरची असो की कुडाळची, गावं बदलतील, कृती तीच राहील.

१. आधी प्रश्न शोधा

‘महाराष्ट्रातील पर्जन्याचे वितरण’ हे शीर्षक झालं, तो प्रश्न नव्हे. ज्याचं उत्तर आपल्याला येतंच असं मुलांना वाटतं आणि आकडे पाहिल्यावर ते उत्तर डळमळतं, असा प्रश्न हवा. माझा प्रश्न होता: ‘महाबळेश्वरला एवढा पाऊस का पडतो?’

वर्गातले जवळजवळ सगळे हात वर गेले. ‘बाई, ते उंचावर आहे म्हणून.’ ‘तिथं ढग जवळ असतात.’ ‘तिथं झाडं खूप आहेत.’ ही तिन्ही उत्तरं फळ्याच्या एका बाजूला जशीच्या तशी लिहून ठेवा. चूक की बरोबर, सांगू नका. पुढचे चार तास हाच तुमचा कच्चा माल आहे.

प्रश्न निवडताना एक कसोटी लावा: याचं उत्तर दहा-बारा आकड्यांत तपासता येतं का? येत नसेल तर प्रश्न लहान करा. ‘हवामान बदलतंय का?’ हा मोलाचा प्रश्न आहे, पण त्याला कित्येक दशकांच्या नोंदी लागतात. एका शाळेच्या पाच वर्षांच्या आकड्यांवरून त्याचं उत्तर द्यायला लावणं म्हणजे मुलांना चुकीची सवय लावणं.

२. आकडे मिळवा, आणि वर्गात नेण्याआधी स्वतः धुऊन घ्या

महाराष्ट्रात पावसाचे आकडे मिळवणं सोपं आहे. कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर तालुका आणि महसूल मंडळनिहाय रोजचा पाऊस असतो. भारतीय हवामान विभाग रोजचे आकडे आणि दीर्घकालीन सरासरीही देतो. १८७५ साली स्थापन झालेल्या या विभागाचं पुण्याचं शिवाजीनगरमधलं कार्यालय जुने पुणेकर अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात, कारण १९२८ साली विभागाचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. मुलांना ही गोष्ट आवडते. आकड्यांमागे माणसं आणि कचेऱ्या असतात हे त्यांना त्यातून कळतं.

आकडे हाती आले की चार गोष्टी तपासा.

तारीख. हवामान खात्याचा पावसाचा ‘दिवस’ सकाळी साडेआठला संपतो. २७ तारखेच्या सकाळी साडेआठला वाचलेला पाऊस म्हणजे २६ च्या साडेआठपासून पडलेला पाऊस. मुलं म्हणतात, ‘बाई, काल संध्याकाळी केवढा कोसळला आणि इथं कालच्या तारखेला शून्य आहे.’ आकडा चुकलेला नसतो, तो दुसऱ्या तारखेखाली बसलेला असतो.

रोजचा की आजअखेर. पुष्कळ तक्त्यांत दोन्ही स्तंभ शेजारीशेजारी असतात. १ जूनपासून आजअखेरचा स्तंभ चुकून रोजचा म्हणून घेतलात, तर पाऊस दिवसेंदिवस वाढतच चाललेला दिसेल. हा आलेख मी स्वतः काढून बसले होते. आजअखेरचा आकडा कधीच कमी होत नाही, एवढी खूण लक्षात ठेवा.

शून्य आणि रिकामी जागा. शून्य म्हणजे मोजलं आणि पाऊस नव्हता. रिकामी जागा म्हणजे नोंदच नाही. दोन्ही एक धरले की सरासरी कोसळते. वर्गासाठी कागद तयार करताना रिकाम्या जागी ‘नोंद नाही’ असं अक्षरांत लिहा.

एकक. मिलिमीटर, सेंटिमीटर आणि जुन्या नोंदींत इंच. मुलांच्या हाती पडणारा प्रत्येक आकडा मिलिमीटरमध्येच असू द्या.

हे झालं की कापाकाप. एका तासिकेत सातवीचं मूल दहा ते पंधरा आकडे नीट हाताळू शकतं. तुमच्याकडे हजार ओळी असतील, त्यातल्या बारा द्या. बाकीच्या जपून ठेवा. एखादी मुलगी येऊन विचारते, ‘आणि पाटणचं काय?’ तेव्हा त्या लागतात.

३. मुलांच्या हातून एक आकडा जन्माला घाला

ही पायरी वेळ खाते म्हणून छात्राध्यापक ती गाळतात. माझ्या मते गाळायचीच असेल तर दुसरी कुठलीही गाळा, ही नको. ज्या मुलानं पावसात उभं राहून बाटलीवरची रेघ वाचली आहे, त्याला महाबळेश्वरचा आकडा वाचताना कुणीतरी तिथेही असाच उभा असतो हे दिसतं.

पर्जन्यमापक असा करा. सरळ भिंतींची दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या. मध्ये कमरेसारखी आत गेलेली बाटली चालत नाही. वरचा निमुळता भाग जिथे सरळ भिंत सुरू होते तिथे कापा आणि उलटा करून नरसाळ्यासारखा त्याच बाटलीत बसवा. नरसाळ्यामुळे साठलेलं पाणी उन्हानं कमी उडतं. बाटलीचा तळ खोलगट-उंचवट्याचा असतो, म्हणून आत खडे टाका आणि भिंत सरळ होते तिथपर्यंत पाणी भरा. ती पातळी म्हणजे शून्य. तिथून वर मिलिमीटरच्या खुणांची कागदी पट्टी लावा आणि तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी ओढा. तोंड आणि भिंत एकाच रुंदीची असल्यामुळे पाण्याची उंची हाच थेट पाऊस.

वेगळं नरसाळं आणि वेगळी बाटली वापरायची असेल तर पाणी मिलिलिटरमध्ये मोजावं लागतं. ११.३ सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्याचं तोंड जवळजवळ बरोबर १०० चौरस सेंटिमीटर भरतं. मग १० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. औषधाची सिरिंज सुईशिवाय मोजायला उत्तम. हा हिशेब मुलांकडून करून घ्या. गणिताचे शिक्षक खूश होतील.

जागा निवडताना साधा नियम: भिंत किंवा झाड जेवढं उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर मापक ठेवा. कौलांच्या पागोळ्यांखाली तर मुळीच नको. बाटली विटांच्या मध्ये घट्ट बसवा. आमची बाटली एकदा शेळीनं आडवी केली आणि त्या दिवशीच्या वहीत एकानं ‘०’ लिहिलं. तिथे मी तास थांबवला. शून्य लिहायचं की ‘नोंद नाही’? पंधरा मिनिटं वाद चालला आणि मागच्या पायरीतली ती बारीक गोष्ट मुलांनी स्वतः शोधून काढली.

नोंद रोज सकाळी साडेआठला. शाळा उशिरा भरत असेल तर जवळ राहणाऱ्या दोन मुलांची जोडी लावा. दोघांनी स्वतंत्र वाचायचं, मग जुळवायचं. फरक आला तर दोन्ही आकडे लिहायचे. रविवारी कुणी येणार नसेल तर सोमवारच्या आकड्यापुढे ‘दोन दिवसांचा’ असं लिहायचं.

मिलिमीटर ही मुलांच्या मनात फार किरकोळ गोष्ट असते. ५० मिमी म्हणजे पट्टीवर बोटभर. म्हणून एक हिशेब फळ्यावर करा: १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. शाळेचं छत २० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद असेल तर १२० चौरस मीटर. त्यावर ५० मिमी पाऊस पडला की ६,००० लिटर. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो तिथल्या मुलांना हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

आंतरवासिता हिवाळ्यात आली तर? बाटली तरीही करा. झारीनं पाणी ओतून दोन गटांच्या मापकांची वाचनं जुळतात का पाहा आणि मागच्या पावसाळ्याचे आकडे वापरा.

४. चार तासिकांची आखणी

पहिली तासिका: अंदाज. फळ्यावर सह्याद्रीचा आडवा छेद काढा. डावीकडे समुद्र, मग महाड, आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, पुढे पठारावर पाचगणी, मग पसरणी घाट उतरून वाई. प्रत्येक गावाची उंची लिहा: महाड समुद्रसपाटीपासून जेमतेम २० मीटर, महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर, पाचगणी साधारण १,२९० मीटर, वाई साधारण ७०० मीटर. पाऊस लिहू नका. प्रत्येकानं वहीत चार स्तंभांचा आलेख अंदाजानं काढायचा, आणि पेननं, म्हणजे नंतर खोडता येणार नाही. अंदाज चुकला तर गुण जात नाहीत, हे आधीच मोठ्यानं सांगा.

आमच्या वर्गात बहुतेकांचे महाबळेश्वर आणि पाचगणीचे स्तंभ सारखे उंच होते आणि महाडचा सगळ्यांत बुटका. ‘उंच तिथे जास्त पाऊस’ या समजुतीला धरून ते अगदी बरोबर होतं.

दुसरी तासिका: खरे आकडे. वर्षभराचा सरासरी पाऊस असा: महाबळेश्वर साडेपाच ते सहा हजार मिमी, महाड तीन हजारांहून अधिक, पाचगणी सुमारे १,८०० आणि वाई हजाराच्या बरंच खाली. वर्गात नेताना तुम्ही उतरवून घेतलेले नेमके आकडे द्या आणि ते कोणत्या वर्षांचे आहेत तेही कागदावर लिहा. आलेख कागदावर १ सेंटिमीटर = ५०० मिमी हे प्रमाण धरलं तर महाबळेश्वरचा स्तंभ १२ सेंटिमीटरपर्यंत जातो आणि वाईचा दोन सेंटिमीटरच्या आत राहतो. प्रमाण तुम्ही सांगू नका. ‘सगळ्यांत मोठा आकडा कागदात मावला पाहिजे’ एवढंच सांगा आणि मुलांना चुकू द्या. सातवीला गणितात जोडस्तंभालेख असतोच, म्हणून अंदाजाचा आणि खरा स्तंभ शेजारीशेजारी काढता येतो.

तिसरी तासिका: वाद. हा या मालिकेचा गाभा आहे, इथे घाई नको. फळ्याच्या कडेला लिहिलेली उत्तरं एकेक करून आकड्यांसमोर उभी करा.

‘उंच आहे म्हणून.’ मग पाचगणीकडे बोट दाखवा. महाबळेश्वरहून रस्त्यानं २० किलोमीटरच्या आत, उंचीत जेमतेम ६० मीटरचा फरक, आणि पाऊस तिसरा हिस्सा. आता महाड: वाईपेक्षा शेकडो मीटर खाली, तरी पाऊस कित्येक पट. एकट्या उंचीनं ही चार गावं लावता येत नाहीत. इथे गप्प राहा. मी घड्याळ लावून एक मिनिट थांबले होते. फार लांब वाटलं. मग मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, पाचगणी पलीकडच्या बाजूला आहे.’ कशाच्या पलीकडे? वारा कुठून येतो? तिथून नैर्ऋत्य मोसमी वारे मुलांनीच फळ्यावर आणले. समुद्रावरून आलेली बाष्पाची हवा सह्याद्रीच्या भिंतीवर चढते, चढताना थंड होते, बाष्पाचं पाणी होतं आणि पश्चिमेच्या उतारावर व माथ्याच्या कडेला कोसळतं. पुढे सरकलेल्या हवेत बाष्प कमी उरतं, आणि घाट उतरताना ती पुन्हा तापते. पाचगणीचा आकडा नसता तर ‘उंच म्हणून’ हे उत्तर शेवटपर्यंत टिकलं असतं. म्हणून मी प्रत्येक पाठात असा एक आकडा शोधते, जो सोप्या उत्तराला बसू देत नाही.

‘झाडं आहेत म्हणून.’ हे उत्तर मोठी माणसंही देतात, त्यामुळे ते आदरानं घ्या. चार गावांच्या वार्षिक आकड्यांवरून ते खोडता येत नाही. जिथे पाऊस जास्त तिथे झाडंही जास्त आहेत. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी होते असं ठरत नाही, हे सातवीला सांगण्याची याहून चांगली संधी मिळणार नाही. आता महाबळेश्वरचे महिनेवार आकडे द्या. एकट्या जुलैत दोन हजार मिमीच्या आसपास, जानेवारीत जवळजवळ काहीच नाही. झाडं बाराही महिने तिथेच उभी असतात. मग वर्षात बदलतं काय? वाऱ्याची दिशा. झाडं पाणी धरून ठेवतात, माती धरतात, हे त्यानंतर आवर्जून बोला, नाहीतर मुलं ‘झाडांचा पावसाशी काही संबंध नाही’ असं घरी जाऊन सांगतील.

प्रत्येक मुलानं बोलताना तीन गोष्टी सांगायच्या हा नियम ठेवा: माझं म्हणणं काय, कोणत्या आकड्यावरून, आणि तो आकडा माझं म्हणणं का धरून ठेवतो. सुरुवातीला तिसरा भाग कुणालाच जमत नाही. ‘पाचगणीला १,८०० आहे म्हणून’ एवढ्यावर थांबतात. ‘म्हणून काय?’ असं शांतपणे दोनदा विचारा.

चौथी तासिका: आपला आकडा आणि सरकारी आकडा. मुलांच्या बाटलीची नोंद आणि त्याच दिवसांची महसूल मंडळाची नोंद शेजारी मांडा. आकडे जुळणार नाहीत. मुलांना वाटतं आपलं चुकलं. काही वेळा चुकलेलंही असतं, पण पाऊसच जागोजागी वेगळा पडतो हेही खरं. यासाठी मुंबईचा दाखला द्या. २६ जुलै २००५ च्या त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला ७३ मिमी. मग विचारा: ‘मुंबईत त्या दिवशी किती पाऊस पडला?’ दोन्हींची सरासरी काढली तर पाचशेच्या वर येते, आणि तेवढा पाऊस या दोन्ही ठिकाणी पडलेलाच नव्हता. सरासरी काय सांगते आणि काय लपवते, हे याहून स्वच्छ मला कुठे सापडलेलं नाही.

एक सावधगिरी मनापासून सांगते. पावसाचे मोठे आकडे कुणाच्या तरी घरावरून गेलेले असतात. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिमी पाऊस झाला आणि त्याच दिवसांत महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं. वर्गात त्या भागातलं, नात्यातलं मूल असू शकतं. असा आकडा फळ्यावर लिहिण्याआधी वर्गशिक्षकांना विचारा, आणि ‘विक्रम’ हा शब्द त्याला लावू नका.

५. पाठ टाचणात हे बसवायचं कसं

छात्राध्यापकाची खरी अडचण इथे असते. टाचणाच्या, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याच्या, साच्यात प्रस्तावनेनंतर हेतुकथन येतं आणि तिथे ‘आज आपण प्रतिरोध पर्जन्याचा (डोंगराला अडून पडणाऱ्या पावसाचा) अभ्यास करणार आहोत’ असं लिहायची रीत आहे. ते वाक्य बोललात की प्रश्नाचं उत्तर फुटतं. हेतुकथनात प्रश्नच लिहा: ‘महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्या पावसात एवढा फरक का, हे आज आपण आकड्यांवरून शोधू.’ संज्ञा फलकलेखनात शेवटी येऊ द्या. माझ्या निरीक्षकांना हे आधी खटकलं. पाठाआधी दोन मिनिटं कारण समजावल्यावर त्यांनी मान्य केलं. तुम्हीही पाठानंतर नव्हे, आधी बोला.

उद्दिष्टं मोजता येतील अशी लिहा. ‘विद्यार्थ्यास पर्जन्याचे ज्ञान होते’ यातून काही तपासता येत नाही. ‘चार ठिकाणांच्या पावसाचा स्तंभालेख योग्य प्रमाण घेऊन काढतो’, ‘एका विधानासाठी तक्त्यातला नेमका आकडा पुरावा म्हणून देतो’ ही तपासता येतात. मूल्यमापनासाठी वेगळी चाचणी नको. तिसऱ्या तासिकेच्या शेवटी प्रत्येकाकडून अर्ध्या पानावर म्हणणं, आकडा, कारण लिहून घ्या. ते कागद रात्री वाचलेत की उद्या कुठून सुरुवात करायची ते कळतं.

वेळेचा अंदाज: आलेख काढायला तुम्ही धरलेल्या वेळेच्या दुप्पट लागतो. अक्ष आणि प्रमाण आखलेले अर्धे कागद तयार ठेवा, पण ते फक्त ज्यांना गरज पडेल त्यांनाच द्या.

६. पाऊस सोडून

हीच रीत भूकंपाला लावता येते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावरून जगातल्या भूकंपांची यादी विनामूल्य उतरवता येते. त्यातली वेळ ग्रीनिचची असते, आपल्यासाठी साडेपाच तास मिळवावे लागतात. वर्षभरातले ६ आणि त्याहून मोठ्या तीव्रतेचे भूकंप घ्या. ते शंभर-दीडशेच्या आसपास भरतात, म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला तीन-चार. प्रत्येकानं आपले ठिपके जगाच्या एकाच मोठ्या नकाशावर लावायचे. ठिपक्यांच्या रेषा उमटतात आणि भूपट्टांच्या सीमा मुलांना पुस्तकाआधी दिसतात. इथला सोपं उत्तर मोडणारा ठिपका आपल्या घरचा आहे: ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. हे दोन्ही भूकंप भूपट्टांच्या सीमेपासून फार दूर झाले. कोयनेबाबत जलाशयातल्या पाण्याच्या भाराचा आणि खडकांत झिरपणाऱ्या पाण्याचा संबंध शास्त्रज्ञांनी दाखवला आहे. किल्लारीजवळ कोयनेएवढा मोठा जलाशय नाही. आठवीच्या ‘पृथ्वीचे अंतरंग’ला हे छान जोडता येतं.

दुष्काळी तालुक्यात विहिरी घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. मुलांनी दोरीला दगड बांधून, मोठ्या माणसाला सोबत घेऊन, गावातल्या कठड्याच्या विहिरीची पातळी महिन्यातून एकदा मोजायची. इथे उलट्या आलेखाची गंमत आहे: आकडा वाढला म्हणजे पाणी खाली गेलं. अक्ष वरून खाली आखला तर मुलांना आलेखात विहीरच दिसते.

किनाऱ्यावरच्या शाळेला भरतीच्या वेळा पुरेत. सलग दहा दिवसांच्या वेळा मांडा. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, हे मुलं बेरीज-वजाबाकीतून काढतात, आणि कोळ्यांच्या घरातलं मूल ते आधीच जाणत असतं. त्या तासाला त्यालाच खडू द्या.